कन्या शाळा मुलांच्या शाळेत मिळवावी, की तिला बारावीपर्यंत वाढवावं? (बीडचा प्रश्न आहे, पण सगळ्या मराठवाड्यानं बोलावं)

बालाघाटची_बाई

नमस्कार. बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, पाचवी ते दहावीच्या कन्या प्रशालेत मी शिकवते. शाळेचं नाव देत नाही, कारण शेजारच्या तालुक्यात विचारलं तरी हेच ऐकायला मिळेल.

आमचा पट घसरलाय. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, त्यात) पद जातं, पद गेलं की विज्ञानाला शिक्षक राहत नाही, आणि शिक्षक नाही म्हणून आणखी चार मुली दुसरीकडे जातात. आता गावात असं चाललंय की कन्या शाळा शेजारच्या मुलांच्या शाळेत मिळवून टाकावी. भिंत पाडली की मैदान मोठं होईल, शिक्षकही पुरतील. पुढच्या पालक सभेत हा विषय येणार आहे. मला तिथं उलटं मांडायचंय. शाळा मोडू नका, तिला अकरावी-बारावी जोडा आणि गावात मुलींच्या वसतिगृहासाठी एकजुटीनं मागणी करा.

का, ते सांगते. आठवीपर्यंत मुलीला शाळेत धरून ठेवणाऱ्या गोष्टी बघा. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. गणवेश आठवीपर्यंत. बालभारतीची फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदा वयाच्या १४ वर्षांपर्यंत. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं (मुलींच्या निवासी शाळा) २००४ साली सुरू झाली तीही सहावी ते आठवीसाठीच. २०१८ मध्ये केंद्राची समग्र शिक्षा योजना आली तेव्हा ही विद्यालयं बारावीपर्यंत वाढवायची मुभा मिळाली, तोवर कितीतरी मुली आठवी करून घरी बसल्या होत्या. म्हणजे नववीच्या पहिल्या दिवशी एकेक करत नाही, सगळे दोर एकदमच सुटतात. आणि घरात स्थळांची बोलणी सुरू होतात तीही नेमकी त्याच वर्षी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या ज्या बायकांची लग्नं १८ च्या आत झाली होती, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघालं. बीडमध्ये ४३.७. परभणीत ४८. हे आकडे मी स्टाफरूमच्या फळ्यावर लिहून ठेवले होते.

गेल्या वर्षीची नववीतली एक मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. बीजगणितात वर्गात पहिली. सहामाहीच्या पेपरला आली तेव्हा दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी होती. पेपर पूर्ण सोडवला, पुरवणी मागून घेतली, शेवटचं उदाहरण पुन्हा तपासलं आणि पेपर देऊन गेली. त्यानंतर ती आली नाही. आठवड्यानं वडील दाखला न्यायला आले. 'मामाच्या गावच्या शाळेत घालायचीय' म्हणाले. दाखला दिला की आमच्या पटावरून नाव कमी होतं, पण पुढच्या शाळेकडून ऑनलाइन मागणी आलीच नाही. संगणकावर ती अजून ड्रॉपबॉक्समध्येच आहे, म्हणजे कुठल्याच शाळेच्या पटावर नसलेल्यांच्या यादीत.

आपापल्या भागात काय झालं, काय उपयोगी पडलं, ते लिहा. सहमत नसाल तर तेही मोकळेपणानं लिहा, सभेत तेच प्रश्न येणार आहेत.

कोयत्याची_लेक

बाई, मी धारूर तालुक्यातली. आईबाप ऊसतोडीला जायचे. मी आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

शहरातल्या लोकांना वाटतं, बाप अडाणी असतो म्हणून पोरीचं लग्न लावतो. त्याचा हिशेब समजून घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम (टोळीचा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. सडा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचलही निम्मी. त्यामुळं ज्याच्या घरी लग्नाचं पोरगं, त्याला टोळी निघायच्या आत सून पाहिजे. ज्याच्या घरी पोरगी, त्याचा घोर वेगळा. फडावर न्यावी तर कोपीला दार नसतं, पाचटाची भिंत आणि वर ताडपत्री. रात्री-बेरात्री गाडी भरायला आईबाप दोघंही जातात, मग कोपीत पोरगी एकटी. गावात ठेवावी तर म्हातारीच्या भरवशावर, आणि म्हातारीला दिसत नाही. पाच-सहा महिने हा घोर डोक्यावर घेऊन ऊस तोडता येत नाही. लग्न लावून दिलं की तो घोर दुसऱ्याच्या दारी जातो. माझ्या बरोबरीच्या पोरींची लग्नं अशीच झाली. त्यातल्या काही जणी आज माझ्याच वॉर्डात येतात, चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढलेल्या. २०१९ ला त्यावर सरकारची समिती बसली, पेपरात खूप आलं. पण ती गोष्ट सुरू होते तेराव्या-चौदाव्या वर्षी, दवाखान्यात नाही.

मी वाचले ते एका वसतिगृहामुळं. आत्याच्या गावी मुलींचं होतं, आठवीनंतर तिथं जागा मिळाली. माझा बाप बघायला आला तेव्हा त्यानं शाळेचा निकाल विचारला नाही की शिक्षक विचारले नाहीत. दाराची कडी हलवून बघितली. रेक्टरबाई रात्री तिथंच राहतात का ते विचारलं. संडास आत आहे की बाहेर ते बघितलं. मग म्हणला, "राहू द्या इथं." आणि टोळीसोबत निघून गेला.

२०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, निम्मी मुलींची. तुमचा तालुका त्यात असेल तर आधी ते बघा. शाळा आणि वसतिगृह यांची मागणी वेगळी करू नका, एकाच अर्जात लिहा.

लातूरकर_पुण्यात

मी थोडं विरोधात लिहिते, राग मानू नका.

पाचवी ते दहावी मुलींच्या शाळेत शिकले. शाळा उत्तम होती, बाई जीव लावणाऱ्या होत्या. पण पुण्यात इंजिनिअरिंगला आले तेव्हा प्रॅक्टिकलच्या गटात चार मुलं आणि मी. माहीत असलेलं उत्तरही तोंडातून निघत नव्हतं. पहिलं सबंध वर्ष त्यात गेलं. ज्यांना पुढं नोकरीत, बँकेत, तहसीलमध्ये पुरुषांसोबत काम करायचंय, त्यांना बारावीपर्यंत वेगळं ठेवून आपण काय साधतो? आज लातूरला अकरावी-बारावीच्या वर्गांत आणि शिकवण्यांत मुलंमुली एकत्रच बसतात, आणि मुली मागं नाहीत.

दुसरं म्हणजे, "मुलीची शाळा वेगळी" म्हटलं की गाव असंच धरून चालतं की मुलगी जपायची वस्तू आहे. मुलांना वळण लावायची जबाबदारी मग कोणाचीच राहत नाही. शिक्षक कमी असतील तर दोन शाळा अर्धवट चालवण्यापेक्षा एक शाळा धड चालवा.

बालाघाटची_बाई

@लातूरकर, राग कशाला? तुमचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. सभेत तोच पहिला येईल.

एकच विचारते. तुम्ही पुण्याला गेलात ते बारावी करून. आमच्या ज्या मुली नववीत गळतात, त्यांच्यासाठी "एकत्र की वेगळं" हा प्रश्न उभाच राहत नाही, त्यांचा प्रश्न "शाळा की सासर" इतकाच असतो. त्यांच्या घरच्यांना कोणत्या शाळेवर भरवसा वाटतो, ते मला बघावं लागतं.

परभणीची_उर्दूवाली

मी उर्दू कन्या शाळेत शिकले, आता शिक्षिका आहे. दहावीपर्यंत आमच्या मोहल्ल्यातली एकही मुलगी शाळेविना राहिली नाही, कारण शाळा मुलींची होती आणि पायी जाण्याइतकी जवळ होती. दहावीचा निकाल लागला आणि आमचा वर्ग फुटला. उर्दूतून सायन्स जवळपास नव्हतं. आर्ट्स होतं ते मुलामुलींचं एकत्र. माझ्या वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुली घरी बसल्या. त्यात अशी एक होती जी आजही माझ्यापेक्षा चांगलं गणित शिकवेल.

माझे अब्बा भाजीचा गाडा लावायचे. ते विरोधात नव्हते, पण चार माणसं काय म्हणतील याला भीत होते. अम्मीनं मार्ग काढला. मोहल्ल्यातल्या तीन मुलींना एकत्र घातलं, तिघी एकाच रिक्षानं जाऊ-येऊ लागलो. एक मुलगी गेली तर तिचं नाव होतं, तिघी गेल्या तर रीत पडते. बाई, हे तुमच्याकडंही करता येईल. नववीत एकेका बापाला समजावू नका, गल्लीतल्या चार आयांना एकत्र बसवा.

लातूरकर ताईंचं म्हणणं मला पटतं, माझीही तीच अडचण झाली होती. पण त्या अडचणीपर्यंत पोचायला आधी घराचं दार उघडावं लागतं. आमच्याकडं ते मुलींच्या शाळेमुळंच उघडलं.

खोखो_मास्तर_धाराशिव

कोणी मैदानाबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो. तीस-एक वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, आधी एकत्र शाळेत, नंतर मुलींच्या.

एकत्र शाळेत मधल्या सुट्टीत मैदानाकडं बघा. सगळं मैदान क्रिकेटनं व्यापलेलं. मुली व्हरांड्याच्या कडेला, नाहीतर पाण्याच्या टाकीजवळ. त्यांना कुणी हाकललेलं नसतं, तरी पाचवीतल्या पोरीलाही कळतं की मैदान आपलं नाही. सातवी-आठवीत ओढणी आली की पळणंच बंद. मी त्यांना तासाला मैदानात आणायचो, पण तास संपला की त्या परत कडेला.

मुलींच्या शाळेत आलो तेव्हा पहिल्याच दिवशी फरक दिसला. तेच वय, तशाच घरच्या पोरी, पण ओढण्या दप्तरात आणि अंगण धुळीनं भरलेलं. खो-खोला फार काही लागत नाही. दोन खांब, चुन्याची फक्की, मोकळी जागा. संघ झाला की पोरगी तालुक्याला जाते, मग जिल्ह्याला, मग विभागाला. बापानं कधी एकटीला बाजाराला पाठवलेली नसते, ती बाईंसोबत नांदेडला दोन दिवस राहून येते. घरी परत येते ती वेगळी होऊन येते, बोलण्यावरून कळतं. धाराशिवची सारिका काळे भारताची कर्णधार झाली, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला हरवलं, आणि कर्णधार प्रियंका इंगळे मूळची तुमच्या बीड जिल्ह्यातली. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत. बापाला हे सांगितलं की तो दोन वर्षं थांबायला तयार होतो. मी थांबलेले बाप बघितलेत.

भिंत पाडली तर मैदान मोठं होईल हे खरं. पण ते कुणाचं होईल, हे सभेत विचारा.

नांदेडचा_रिक्षावाला

दोन लेकी आहेत. मोठी मुलींच्या शाळेत, लहानी एकत्र. दोघी हुशार. मला तर एवढंच कळतं की मोठीच्या शाळेत संडासला पाणी आहे अन् लहानीच्या शाळेत नळाला थेंब येईना. लहानी सकाळपासून पाणीच पेत नाही, घरी आल्यावर तांब्याच्या तांब्या पेते. डॉक्टरनं सांगितलं लघवीचं इन्फेक्शन झालंय. शाळा कुठलीबी असू द्या, आधी ते बघा. मिळवायला निघालेत तर मिळवल्यावर पोरींना संडास किती राहणार, हे आधी लिहून घ्या.

ग्रामसेवक_हिंगोली

आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण लोक ग्रामसेवकच म्हणतात. बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही मीच, अंगणवाडीताई माझ्या मदतीला. त्यामुळं अनुभवानं लिहितो.

कायदा २००६ चा. लग्न लावणारा, ठरवणारा, आईबाप, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो (आईला कैद नाही, दंडच). १०९८ वर (मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर) फोन आला की आम्ही, पोलीस, चाइल्ड हेल्पलाइनची माणसं मांडवात पोचतो. बहुतेक वेळा लग्न थांबतं. मुलीला बाल कल्याण समितीपुढं नेतात, आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतात. पेपरात बातमी येते.

पुढचं बातमीत येत नाही. मुलगी परत त्याच घरात येते. मांडवाचा, जेवणाचा खर्च गेलेला, पाव्हण्यांत नाव गेलेलं, सगळ्यांचा राग तिच्यावर. शाळा आधीच सुटलेली. थोड्या दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात, देवळात, दहा माणसांत लग्न उरकतात, कधी रात्रीच. मला कळतं तेव्हा ती सासरी असते. मग गुन्हा नोंदवायचा तर तिच्याच नवऱ्यावर, आणि ती पाया पडते.

ज्या मुलींची लग्नं थांबली ती थांबलेलीच राहिली, त्या सगळ्या दुसऱ्याच आठवड्यात कुठल्या ना कुठल्या वसतिगृहात गेल्या होत्या. माझ्या माहितीत याला अपवाद नाही. म्हणून माझी विनंती अशी की प्रत्येक तालुक्यात मुलींच्या वसतिगृहात दोन-चार खाटा अशा ठेवाव्यात ज्या वर्षात केव्हाही देता येतील. जूनमध्ये प्रवेश बंद झाला म्हणून ऑक्टोबरमध्ये मांडवातून उठवलेल्या मुलीला जागा नाही, असं मला सांगितलं गेलंय. कुठं ते लिहीत नाही.

बाई, आणखी एक. दसऱ्याच्या आधी दाखल्याला जे आईबाप येतात, त्यांची नावं त्याच दिवशी त्या गावच्या ग्रामसेवकाला आणि अंगणवाडीताईला कळवत जा. लग्न ठरायच्या आधी घरी जाऊन बोललेलं ऐकतात. मांडवात कुणीच ऐकत नाही.

तांड्यावरची

मी जालना जिल्ह्यातल्या तांड्यावरची, गोरमाटी (बंजारा). कुणीतरी बसचं लिहील म्हणून वाट बघत होते.

आमच्या तांड्यापासून शाळेचा फाटा दोन किलोमीटर, पुढं बस. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस सुरू झाली त्या वर्षी आम्ही आठवीच्या पुढं गेलो. बस नसती तर नसतो गेलो, इतकं साधं आहे ते. ती बस मुलींची, तिकीट नाही, शाळेच्या वेळेला येते. साध्या लाल बसला अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास असतो, पण त्यात गर्दी, धक्के, आणि उशीर झाला की बाप म्हणतो "उद्यापासून जाऊ नको." निळ्या बसचे कंडक्टर काका आम्हाला नावानिशी ओळखायचे. एखादी फाट्यावर दिसली नाही की विचारायचे, "ती कुठंय? आजारी आहे का?" कुणाचं साखरपुड्याचं चाललंय, हे शाळेच्या आधी त्यांना कळायचं.

पण बस शाळेच्या सुट्टीत बंद, परीक्षेच्या वेळा बदलल्या की बंद, नादुरुस्त झाली की आठ-आठ दिवस बंद. अन् अकरावीला माझं कॉलेज दुपारचं लागलं, बस सकाळची. सायकल मिळाली होती म्हणून निभावलं. कच्च्या रस्त्यात पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागायची.

सभेत वेळेचं बोला. अकरावी-बारावीचे वर्ग दहावीच्याच वेळेला भरवले तर बस तीच चालते. वेगळी मागणी करावी लागत नाही.

जुना_औरंगाबादकर

थोडं मागचं. आपल्याकडं मुलींचं शिक्षण उशिरा का सुरू झालं, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावं लागतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू, मराठी शाळा मोजक्या, त्याही लोकांनी पदरमोड करून चालवलेल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन संस्था १९१५ ची. तिचीच पुढं मुलींसाठी शारदा मंदिर. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं मिलिंद महाविद्यालय काढलं, विद्यापीठ आलं १९५८ ला. म्हणजे आज ज्या ऐंशी-नव्वदीतल्या आज्या आहेत, त्यांच्या लहानपणी बहुतेक गावांत मुलींना घालावं अशी मराठी शाळाच नव्हती. तीन पिढ्यांत इथवर आलो. त्यात ज्या थोड्या कन्या शाळा उभ्या राहिल्या, त्या पटाच्या आकड्यावर मोडू नयेत.

निवृत्त_केंद्रप्रमुख

बाईंनी मागितलेलं मिळू शकतं का, त्याबद्दल. भावनेनं अर्ज केला तर तो धूळ खातो, म्हणून व्यवहाराचं सांगतो.

नव्या अकरावी-बारावीच्या तुकड्या आजकाल बहुतेक स्वयंअर्थसहाय्यित म्हणून मिळतात, २०१२ च्या अधिनियमाखाली. कुणी तुम्हाला "लगेच करून देतो" म्हणालं तर तो हाच रस्ता असतो. त्याचा अर्थ फी. ऊसतोडीच्या पोरीला फी लावली की सगळं मुसळ केरात. त्यामुळं अर्जात स्पष्ट लिहा की तुकडी अनुदानित किंवा शासकीय हवी. वेळ लागेल, पण लिहा.

जोडीला तीन गोष्टी जोडा. पहिली, तुमच्या शाळेतून दहावी झालेल्या मुलींची मागच्या काही वर्षांची यादी: कोण कुठं अकरावीला गेली, कोण गेली नाही, का गेली नाही. ही यादी तुमच्याशिवाय कुणाकडंच नसते, आणि अधिकाऱ्याला आकडा दाखवल्याशिवाय पटत नाही. दुसरी, सातवी-आठवीच्या पालकांच्या सह्या. दहावीच्या पालकांच्या घेऊ नका, त्यांचं काम झालेलं असतं. तिसरी, आसपासच्या पाच-सहा गावांच्या ग्रामसभांचे ठराव.

आणि सभेत शिष्यवृत्त्यांचं खरं सांगा. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आठवी ते दहावीला महिन्याला १०० रुपये मिळत आलीय. १०० रुपयांत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. त्यापेक्षा एनएमएमएसची (केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची) परीक्षा आठवीत द्यायला लावा. पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, तिच्या खात्यावर. जिच्या खात्यावर पैसे येतात, तिला बाप नववीत काढत नाही. मी केंद्रातल्या प्रत्येक शाळेत सातवीपासून तयारी करून घ्यायचो. पंचावन्न टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट. मुलींच्या शाळेत एका बाईंनी रोज पहिला तास बुद्धिमत्तेला दिला, तिथला निकाल इतरांपेक्षा वर असायचा.

२०२४ च्या जुलैत सरकारनं मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ केली, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांसाठी. निर्णय चांगला आहे. पण तो बारावीच्या पलीकडं उभा आहे, आणि आपल्या पोरी अलीकडं नववीतच थांबतात. मधली चार वर्षं कोण भरणार, हे सभेत मांडा. बहुतेक पालकांना ही फी माफी माहीतच नाही. "बारावी केली तर पुढं फी नाही" हे एक वाक्य खूप काम करतं.

लातूरकर_पुण्यात

सगळं वाचलं. मैदानाचा आणि मांडवातून उठवलेल्या मुलीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरी एक आग्रह ठेवते. बारावीपर्यंत कन्या शाळा ठेवा, पण मुलांच्या शाळेसोबत विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, प्रयोगशाळा एकत्र घ्या. आठवड्यातून एकदा तरी. नाहीतर माझ्यासारखं होईल. प्रयोगशाळेसाठी जुने लॅपटॉप हवे असतील तर आमच्या ऑफिसात विचारते, व्यनि (खासगी निरोप) करा.

कोयत्याची_लेक

बाई, सभा कधी आहे? आसपास असेल तर रजा टाकून येते. ऊसतोडीच्या बायांशी मी बोलते. त्यांना बाहेरच्या माणसाचं ऐकायचा कंटाळा आलाय, पण माझी आई कुणासोबत टोळीत होती हे सांगितलं की त्या ऐकतील.

बालाघाटची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता वही भरली.

माझं ठरलंय ते लिहिते, म्हणजे चुकत असेल तर सांगता येईल. अर्ज एकच, त्यात अनुदानित अकरावी-बारावी (विज्ञान आणि कला) आणि वसतिगृह दोन्ही. वसतिगृहात वर्षभर रिकाम्या ठेवायच्या खाटांची मागणी ग्रामसेवक भाऊंच्या शब्दांत जशीच्या तशी टाकते. वर्ग भरायची वेळ बसला धरून. दहावीनंतरची यादी करायला कालच बसले, जुन्या मुलींपैकी ज्यांचे नंबर आहेत त्यांना फोन लावतेय. काही सासरच्या घरून बोलतात, हळू आवाजात, पण सगळं सांगतात. @खोखो_मास्तर, मैदानाचा प्रश्न मी विचारण्यापेक्षा आमच्या संघातल्या मुलीच विचारतील. आठवीतल्या दोघी तयार आहेत. @नांदेडचे भाऊ, संडास आणि पाण्याचा मुद्दा पहिल्या पानावर घेतलाय. लहान लेकीच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं. @लातूरकर, व्यनि केलाय.

@कोयत्याची_लेक, तुम्ही याच. सभा रविवारी ठरली होती, पण रविवारी वाड्या-वस्त्यांवरचं कुणी गावात येत नाही. आमचा बाजार मंगळवारी भरतो, तेव्हा मुकादमही येतात आणि आयाही. मंगळवारी दुपारी बारा वाजता ठेवावी, असं मुख्याध्यापकांशी बोलले, ते हो म्हणालेत. महालयाच्या पंधरवड्यात घेतोय, कारण दसऱ्यानंतर अर्धं गाव रिकामं होतं. तारीख पक्की झाली की इथंच टाकते. मुकादमांना काय सांगावं, यावर कुणाला काही सुचत असेल तर तोवर लिहा.